तांब्याची गोळी आणि कॅलिबरचं गणित: बारीक नळीलाच जास्त त्रास का?

बिनशिशाच्या गोळ्यांबद्दल शिकार करणाऱ्या लोकांच्या गप्पा ऐकल्या तर दोनच टोकं ऐकू येतात. एकजण म्हणतो तांब्याची गोळी मारली, हरिण जागेवर बसलं, आता शिशाचं नाव काढत नाही. दुसरा म्हणतो सुईसारखी आरपार गेली, हरिण दीडशे मीटर पळालं, रक्ताचा थेंब नाही, अंधार पडेपर्यंत शोधत बसलो. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. फक्त हातात कुठलं कॅलिबर होतं आणि गोळी जनावरापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात वेग किती उरला होता, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. शिशाच्या काळात हे नाही सांगितलं तरी भागायचं, तांब्यात भागत नाही, आणि आजचा सगळा विषय तोच आहे.

शिसं सोडायचं कशाला, हे दोन ओळीत सांगतो कारण त्यावर भरपूर लिहून झालंय. शिशाची गोळी आत फुटते, तिचे बारीक कण मांसात पसरतात, एक्स-रे काढला तर जखमेच्या भोवती चांदणं सांडल्यासारखं दिसतं. शिकारी आतडी-कोथळा जंगलात टाकून जातो, ते गिधाडं आणि गरुड खातात आणि शिशाच्या विषानं मरतात. कॅलिफोर्नियाचा कंडोर १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरला होता, आणि आजही त्याला मारणाऱ्या कारणांत शिसं सगळ्यात पुढे आहे. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद केल्या. जपानच्या होक्काइदोमध्ये समुद्री गरुड मरायला लागले म्हणून हरणाच्या शिकारीला २००० सालापासूनच शिशाच्या रायफल गोळ्यांवर बंदी आहे. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्या पण बंद केल्या, छर्रे तर त्यांनी १९९६ लाच बंद केले होते. म्हणजे तांबं आवडतं का नाही हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी निकालात निघालाय, आता प्रश्न उरलाय तो कुठल्या रायफलीतून कुठली गोळी.

आता कॅलिबर. गोळीची जाडी, एवढंच. पण नावांचा घोळ इतका आहे की नवीन माणूस पहिल्याच दिवशी चक्रावतो. (टिंबाने सुरू होणारे आकडे इंचातले, आणि विंचेस्टर, रेमिंग्टन ही कंपन्यांची नावं.) .३०८ विंचेस्टरच्या नळीला लोक ७.६२ म्हणतात पण गोळी मोजली तर ७.८२ मिलिमीटर भरते, कारण ७.६२ हे नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं माप आहे आणि गोळी खोबणींच्या मापाची असते. ६.५ म्हणतात ती गोळी खरं ६.७१ ची. .२२३ रेमिंग्टनची गोळी ५.६९ मिमी. .२४३ विंचेस्टरची ६.१७ मिमी, ती मात्र नावाला जागते. ही ६.१७ लक्षात ठेवा, पुढे एका सरकारच्या कायद्यात ती परत भेटणार आहे.

५.६९ आणि ७.८२, दोन मिलिमीटरचा फरक. बघितला तर काहीच नाही. पण गोळीचं तोंड गोल असतं, त्यामुळे क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे .३०८ च्या गोळीचं तोंड .२२३ च्या गोळीपेक्षा जवळजवळ १.९ पट. आणि तीच गोळी सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठी केली तर वजन घनाने वाढतं, म्हणजे २.६ पट. दीडशे ग्रेनची .३०८ ची तांब्याची गोळी हुबेहूब त्याच आकारात छोटी करून .२२३ ला बसवली तर ती ५८ ग्रेनची होते. (ग्रेन म्हणजे जुनं वजनाचं माप, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन.) दोन मिलिमीटरमध्ये एवढा फरक पडतो, म्हणून कॅलिबरवर लोक भांडतात ते अगदीच उगाच नाही.

पण मग शिशाच्या गोळ्या वापरताना .२४३ वाला आणि .३०८ वाला दोघंही खुश कसे असायचे?

कारण शिसं लबाड आहे. ते मऊ आहे, आत शिरल्या शिरल्या चेपतं, फुटतं, आणि त्याचे तुकडे मुख्य वाटेच्या आजूबाजूला उडतात. गोळी बारीक असली तरी तुकड्यांमुळे जखम रुंद होते. फुप्फुसातून एक मोठी वाट आणि तिच्या भोवती शेकडो बारीक वाटा. कॅलिबरची कमतरता शिसं असं झाकून नेतं. साध्या शिशाच्या गोळीचं तिसरा हिस्सा, कधी कधी अर्धं वजन या तुकड्यांतच जातं, आणि शिकारी म्हणतो काय जबरदस्त गोळी आहे. (खायचं मांस किती वाया गेलं ते मग घरी कापताना कळतं.)

तांबं असलं काही करत नाही. तांब्याची शिकारीची गोळी म्हणजे एकाच तांब्याच्या किंवा पितळी मिश्रधातूच्या कांडीतून घडवलेला तुकडा, टोकाला एक खोल भोक. गोळी वेगात ओल्या मांसात शिरली की त्या भोकात ओलावा आणि मांस कोंबलं जातं, आतून पाण्यासारखा सगळीकडे दाब येतो, भोकाच्या भिंती आधीच आखून ठेवलेल्या रेषांवर फाटतात आणि पाकळ्या होऊन मागे वळतात. बऱ्याच गोळ्यांना चार पाकळ्या असतात. काही कंपन्या भोकाच्या तोंडाशी प्लास्टिकचं टोक बसवतात, ते पाचरीसारखं आत घुसून उघडायला मदत करतं आणि हवेत गोळी टोकदार राहते. जनावरातून मिळालेली अशी गोळी हातात घेतली तर छोट्या उमललेल्या फुलासारखी दिसते, खाली देठ, वर चार पाकळ्या, वजन केलं तर ९५ टक्क्यांच्या वरच भरतं. (मुद्दाम पाकळ्या तुटून पडाव्यात अशाही तांब्याच्या गोळ्या असतात, त्यांचं गणित थोडं वेगळं.)

मुद्दा असा की तांबं तुकडे उडवत नाही, म्हणून जखम तेवढीच जेवढं हे फूल रुंद. तांब्याची गोळी साधारण दीड ते दोन पट फुलते. १.८ पट धरून चाला. .२२३ ची गोळी फुलून १० मिमी होते, .३०८ ची १४, आणि ९.३ वाली मोठी युरोपियन गोळी जवळजवळ १७. क्षेत्रफळाचा १.९ पटीचा फरक फुलल्यावरही तसाच राहतो, कुठे जात नाही, त्याला झाकायला तुकडे नाहीत. शिशाने जे झाकलं होतं ते तांब्याने उघडं पाडलं, आणि तांब्यात कॅलिबरला जास्त महत्त्व येतं ते यामुळे.

बरं, ते भोक. सगळा खेळ त्या भोकावर आहे आणि बारीक गोळीत भोकही बारीक असतं. त्या बारक्या तोंडातून पुरेसं मांस आत जाऊन दाब तयार व्हायला हवा, आणि वेळ किती आहे? रो डिअरसारख्या छोट्या हरणाची छाती साधारण वीस सेंटिमीटर धरा, गोळी साडेसातशे मीटर प्रति सेकंद वेगाने जातेय, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा जेमतेम चौथा हिस्सा. तेवढ्यात उघडायचं असतं, आणि नुसतं उघडून चालत नाही, पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच उघडायला हवं नाहीतर फूल दुसऱ्या बाजूच्या कातडीबाहेर उमलतं, ज्याचा हरणाला काही उपयोग नाही. मोठ्या कॅलिबरमध्ये कारागिराला भोक रुंद करायला जागा असते, भिंती पातळ ठेवायला जागा असते. बारीक गोळीत त्याचे हात बांधलेले. म्हणून बारीक गोळीला उघडायला जागा कमी म्हटल्यावर वेग जास्त लागतो.

वेगाकडे येतोच, पण आधी लांबीचं प्रकरण. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात आणि दोष गोळीला देतात.

शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. त्याच जाडीत तेवढंच वजन हवं असेल तर तांबं लांब करावं लागणार, दुसरा मार्ग नाही. (शिशाच्या गोळीवर पण तांब्याचं आवरण असतं म्हणून फरक पूर्ण सव्वा पट पडत नाही, पण पाचव्या-सहाव्या हिश्शाने लांब होते असं धरा.) वर टोकाला भोक, म्हणजे तिथलं वजन गेलं, ते भरायला अजून लांब. आता रायफलीच्या नळीत आतून वळणदार खोबणी असतात, त्या गोळीला फिरवतात. नळीच्या किती लांबीत गोळी एक पूर्ण फेरा घेते याला ट्विस्ट म्हणतात. १:१० म्हणजे दहा इंचात एक फेरा. १:७ म्हणजे सात इंचातच एक, म्हणजे जास्त गरगर.

भोवरा फिरवलाय ना लहानपणी? बुटका, पोट सुटलेला भोवरा हलक्या झटक्यातही उभा राहतो. उंच, सडपातळ भोवरा घ्या, त्याला जोरात फिरवावं लागतं नाहीतर डुगडुगतो आणि आडवा होतो. गोळीचं तेच. लांबुडक्या गोळीला जास्त फिरकी लागते. लोक म्हणतात जड गोळीला जास्त ट्विस्ट लागतो, ते अर्धवट खरं आहे, शिशात जड म्हणजेच लांब होतं म्हणून ते चालून गेलं. १८७९ मध्ये ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने जे सूत्र मांडलं त्यात जाडी आणि लांबी आहे, वजन नाही. तांब्याने फक्त तो जुना हिशोब परत समोर आणून ठेवला.

आता यात कॅलिबर कुठे आलं ते बघा. त्याच आकाराची गोळी छोटी केली तर ट्विस्टही त्याच प्रमाणात आखूड व्हायला हवा. .३०८ ला १:१० चा ट्विस्ट असेल तर त्याच तब्येतीच्या .२२३ च्या गोळीला १:७.३ च्या आसपास लागेल. बाजारात प्रत्यक्षात काय होतं? .३०८ आणि .३०-०६ ला १:१० किंवा १:१२ आधीपासून होतंच, पण जुन्या .२२३ ला १:१२ आणि .२२-२५० ला १:१४ देत होते, कारण त्या रायफली बारक्या बुटक्या शिशाच्या गोळ्या सुसाट सोडायला बनवल्या होत्या. .२२३ चं १:१२ म्हणजे .३०८ च्या हिशोबाने १:१६ पेक्षाही सैल. असल्या नळीतून लांब तांब्याची गोळी सोडली की ती हवेत डुगडुगते, टार्गेटच्या कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखं लांबट भोक पडतं. तिथे निदान कळतं तरी. खरा धोका तो जिथे गोळी जेमतेम स्थिर असते. कागदावर भोक गोल दिसतं, सगळं ठीक वाटतं, पण जनावराला लागताना गोळीचं नाक थोडं तिरकं असतं, भोकात मांस सरळ घुसत नाही, पाकळ्या उघडत नाहीत किंवा एकाच बाजूच्या उघडतात, आणि मग ती सुईसारखी आरपार. थंडीत हे अजून वाढतं कारण थंड हवा दाट असते, दाट हवा गोळीला जास्त लोळवायला बघते. उन्हाळ्यात टार्गेटवर चाचणी केली आणि हिवाळ्यात पहाटे शिकारीला गेला की गणित थोडं सरकलेलं असतं.

यावर एक जुनी गोष्ट आहे, तांबं यायच्या कितीतरी आधीची. १९५५ मध्ये ६ मिलिमीटरची दोन काडतुसं एकाच वर्षी बाजारात आली, .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन. जवळजवळ सारखीच. रेमिंग्टनने विचार केला ही तर बारकी जनावरं मारायची रायफल, ट्विस्ट १:१२ ठेवला. विंचेस्टरने १:१० ठेवला. शिकाऱ्यांना एकाच रायफलीत हरणासाठी शंभर ग्रेनची लांब गोळी पण हवी होती, ती विंचेस्टरमध्ये चालली, रेमिंग्टनचा १:१२ जड गोळीला पुरत नाही असं नाव झालं. दोन इंचाचा फरक. .२४३ जगभर पसरली, रेमिंग्टनने मग ट्विस्ट १:९ केला, १९६३ मध्ये नाव पण बदलून ६ एमएम रेमिंग्टन ठेवलं, तरी बस सुटली ती सुटलीच. आणि दुसऱ्या टोकाला ६.५×५५ स्वीडिश, १८९४ चं काडतूस, ट्विस्ट २०० मिलिमीटरमध्ये एक फेरा म्हणजे आठ इंचाहूनही कमी. त्या काळी सैन्याला १५६ ग्रेनची लांबलचक गोळी हवी होती म्हणून तसा ठेवला होता. सव्वाशे वर्षांनी त्याच ट्विस्टमधून आजच्या तांब्याच्या लांब गोळ्या आरामात उडतात. पणजोबांनी वेगळ्याच कामासाठी खणलेली विहीर नातवंडांच्या उपयोगी पडावी तसं.

सगळ्यात जास्त हाल .२२ रिमफायरचे. ससे-बिसे मारायची छोटी रायफल, गोळी ४० ग्रेनची, वेग कमी, ट्विस्ट १:१६. तिथे शिसं काढून तेवढीच जड गोळी बसवायची तर ती इतकी लांब होते की १:१६ तिला फिरवूच शकत नाही. मग कंपन्या वीसेक ग्रेनच्या हलक्या गोळ्या काढतात, त्या सुटताना जोरात आणि थोड्या अंतरावर दमलेल्या. नेम पण शिशासारखा लागत नाही.

हे सगळं मी नुसतं थिअरी म्हणून सांगत नाहीये, कायदे करणाऱ्यांनाही हीच रेघ ओढावी लागली. युरोपियन युनियनच्या रसायन संस्थेने शिशावर बंदीचा प्रस्ताव मांडला तेव्हा शिकारीच्या मोठ्या कॅलिबरला दीड वर्षाची मुदत सुचवली आणि ५.६ मिमीपेक्षा बारीक गोळ्यांना आणि रिमफायरला पाच वर्षांची. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये बंदी जाहीर केली, त्यात रायफलच्या गोळ्यांसाठी रेघ आहे ६.१७ मिमी, म्हणजे .२४३ आणि त्याच्या वरच्या गोळ्या बंदीत, त्याच्या खालच्या बाहेर. हवेत काढलेला आकडा नाही तो, त्या जागेच्या खाली चांगली तांब्याची गोळी मिळणं आणि ती सध्याच्या रायफलींमधून नीट उडणं हे दोन्ही अवघड होत जातं.

आणि स्कॉटलंडचं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथे रो सोडून बाकीच्या हरणांना कायद्याने किमान १०० ग्रेनची गोळी लागायची. .२४३ ही तिथली लाडकी रायफल, शंभर ग्रेनची शिशाची गोळी तिच्यात छान बसते. पण शंभर ग्रेनची तांब्याची गोळी ६.१७ मिमीमध्ये बसवायची तर ती एवढी लांब होते की नेहमीच्या १:१० नळीत तिचा भरवसा नाही. म्हणजे कायदा पाळायचा तर तांबं वापरता येईना, तांबं वापरायचं तर कायदा मोडतो. शेवटी २०२३ मध्ये सरकारने किमान वजन १०० वरून ८० ग्रेनवर आणलं.

इथे कोणी म्हणेल, अरे मग वीस ग्रेन कमी केले तर गोळी कमजोर नाही का झाली? नाही, आणि ही बारीक कॅलिबरवाल्यांसाठी चांगली बातमी आहे. शिशाची शंभर ग्रेनची गोळी हाडाला लागून तीस-चाळीस ग्रेन सांडते, आत जाते ती साठ-सत्तरचीच. तांब्याची ऐंशी ग्रेनची गोळी जवळजवळ ऐंशीच राहते. हलकी असल्याने वेग पण जास्त मिळतो. बारीक कॅलिबरची जुनी तक्रार होती की गोळी खोल जात नाही, खांद्याच्या हाडात अडकते. ती तक्रार तांब्याने पार मिटवली. म्हणजे तांबं बारीक कॅलिबरकडून रुंदी काढून घेतं आणि खोली देतं. खोलीचा प्रश्न सुटला, रुंदीचा उघडा पडला. म्हणून .२४३ किंवा .२२३ मध्ये तांबं वापरणारे अनुभवी लोक गोळी अगदी मागे, नुसत्या फुप्फुसात मारण्यापेक्षा थोडी पुढे, खांद्याच्या रेषेवर मारायला सांगतात. हाड लागलं की गोळी लवकर आणि हमखास उघडते, आणि खोल जायची ताकद तर तिच्यात आहेच. गोळी बाहेर पडते तिथे बारीक भोक पडतं, रक्त उशिरा दिसतं, म्हणून माग काढणारा कुत्रा बरोबर असावा हे पण तेच लोक सांगतात.

आता वेग. बहुतेक तांब्याच्या गोळ्यांना नीट उघडायला लागल्या ठिकाणी ताशी वगैरे नाही, सेकंदाला ५५० ते ६०० मीटर वेग हवा असतो, फुटात १८०० ते २०००. शिसं त्याहून बरंच खाली आलं तरी चेपतं. म्हणून तांब्यात पल्ला ठरवायचा तो टार्गेट किती लांबचं लागतं यावर नाही तर गोळी किती लांबपर्यंत ६०० च्या वर राहते यावर. .३०८ मधून दीडशे ग्रेनची गोळी ८६० च्या वेगाने सुटली तर साधारण साडेतीनशे मीटरपर्यंत ती ६०० च्या वर असते. .२२३ मधून पंचावन्न ग्रेनची जवळजवळ हजाराच्या वेगाने सुटते, ऐकायला भारी, पण हलकी गोळी हवेत लवकर दमते, पावणेतीनशेच्या आसपासच ती त्या रेषेला येते. आणि रायफल आखूड नळीची असेल तर सुरुवातच कमी वेगाने होते, मग दोनशेच्या थोडं पुढेच संपलं. म्हणजे ज्या कॅलिबरला उघडायला वेग जास्त हवा तेच कॅलिबर वेग लवकर गमावतं. दुष्काळात तेरावा महिना.

पण कॅलिबर मोठं म्हणजे सगळं ठीक असंही नाही हां. .३०० ब्लॅकआउट घ्या, गोळी तीच ७.८२ मिमीची, पण काडतूस बुटकं, दारू कमी, ११० ग्रेनची गोळी सव्वासातशेच्या आसपास सुटते. त्यात .३०८ साठी बनवलेली तांब्याची गोळी घातली तर शंभर-दीडशे मीटरवरच ती उघडायच्या वेगाखाली येते. म्हणून त्या काडतुसासाठी वेगळ्या गोळ्या बनवाव्या लागल्या, त्याच जाडीच्या पण रुंद तोंडाच्या आणि पातळ भिंतीच्या, ज्या खूप कमी वेगाला उघडतात. बॉक्सवर कॅलिबर सारखं दिसलं म्हणून गोळी सारखी नसते, आतली पोकळी कुठल्या वेगासाठी कापलीय ते बघायला लागतं. उलट मोठ्या कॅलिबरमध्ये रुंद पोकळी कापायला जागा असते म्हणून हे जमलं तरी, ५.६९ मध्ये हाच प्रयोग करायला वाव फार कमी आहे.

मोठ्या कॅलिबरच्या लोकांची चूक वेगळीच असते. शिशाच्या सवयीने ते जड गोळी मागतात. ९.३×६२ ला नेहमीची शिशाची गोळी २८६ ग्रेनची, मग तांब्यात पण तेवढीच द्या म्हणतात. कशाला? शिशात जड गोळी यासाठी लागायची की निम्मी सांडली तरी उरलेली आत जावी. तांबं सांडतच नाही. २८६ ची तांब्याची गोळी काडतुसात खोलवर घुसून दारूची जागा खाते, वेग कमी करते, आणि वेग कमी म्हणजे उघडणं कमी. तिथे २५० किंवा त्याहून हलकी घेतली तर वेग वाढतो, फूल मोठं होतं, आणि रानडुकराच्या आरपार जायला तरीही पुरून उरते. .३०८ मध्ये ज्याने आयुष्यभर १८० मारली त्याने १५० किंवा १३० घ्यावी. एक पायरी उतरा, असा साधा ठोकताळा आहे, आणि माझ्या मते मोठ्या कॅलिबरमध्ये तो डोळे मिटून पाळावा, बारीक कॅलिबरमध्ये तर तो ट्विस्टमुळे आपोआप पाळला जातो. फक्त आरपार गेलेली गोळी पलीकडे कुठे जाते हे मोठ्या कॅलिबरमध्ये जास्त जपायला हवं, कळपात मागे दुसरं जनावर उभं असेल तर नेम धरू नये.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक वाक्य: शिशाच्या गोळीचा दारूचा हिशोब तांब्याला लावू नका. तांबं कडक आहे, नळीतून दबून जाताना जास्त अडतं, आणि लांब असल्याने आतली जागा खातं, दाब वाढतो. १९८९ मध्ये बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने पहिली प्रसिद्ध पूर्ण तांब्याची एक्स बुलेट आणली तेव्हा गुळगुळीत अंगामुळे नळीत तांबं चिकटायची आणि दाबाची तक्रार होती, मग २००३ मध्ये त्यांनी अंगावर गोल खाचा पाडल्या. आज बहुतेक तांब्याच्या गोळ्यांच्या कमरेला ज्या खाचा दिसतात त्या शोभेच्या नाहीत.

प्रत्यक्ष शिकारीत किती फरक पडतो, हा शेवटी महत्त्वाचा प्रश्न. डेन्मार्कमध्ये साडेसहाशेच्या आसपास गोळ्यांची नोंद ठेवून २०१६ मध्ये एक अभ्यास छापला गेला, गोळी लागल्यावर हरिण किती मीटर पळालं ते मोजलं. मोठ्या रेड डिअरमध्ये शिसं आणि तांबं यात फरक सापडला नाही. छोट्या रो डिअरमध्ये एक बारीक फरक दिसला, तांब्याची गोळी जितक्या लांबून मारली तितकं हरिण थोडं जास्त पळालं, शिशात असा संबंध नव्हता. फरक इतका लहान की शिकारीत काही बिघडत नाही असं त्यांनीच म्हटलंय. पण फरक कुठे दिसला ते बघा. छोटं अंग, गोळीला अडवायला मांस कमी, आणि अंतर वाढलं की वेग कमी. पोकळी, वेळ आणि वेग यांचं जे गणित आपण वर केलं ते नेमकं तिथेच डोकं वर काढतं.

तर तुमच्याकडे रायफल असेल आणि तांब्यावर जायचं असेल तर दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. रिकामी रायफल आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा, सफाईच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट बसणारं फडकं लावा, नळीत थोडं आत घाला, गजावर नळीच्या तोंडापाशी एक खूण आणि वरच्या बाजूला एक ठिपका करा. मग हळूहळू आत ढकला. गज खोबणीबरोबर फिरत जाईल. ठिपका पूर्ण फिरून परत वर आला की नळीच्या तोंडापाशी दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. तो तुमचा ट्विस्ट. कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा हा आकडा खरा. गोळीच्या डब्यावर बहुतेक कंपन्या किमान ट्विस्ट छापतात, तो जुळवा, जेमतेम जुळत असेल तर एक पायरी हलकी गोळी घ्या. नंतर रेंजवर दोन-तीन प्रकारच्या गोळ्या मारून बघा कारण तांबं नळीनुसार फार नखरे करतं, एका रायफलीत एकाच भोकात बसणारी गोळी दुसरीत मुठीएवढं पसरते. आणि गोळीचा वेग मोजून, ती कुठल्या अंतरावर ६०० च्या खाली येते तो आकडा टेपने रायफलीच्या दस्त्यावर चिकटवून ठेवा. .२२३ वाल्याचा आकडा .३०८ वाल्यापेक्षा लहान असणार, त्यात लाजायचं काही नाही, त्या आकड्याच्या पलीकडचं हरिण जाऊ द्यायचं.